मॅसॅच्युसेट्समधलं जुनं घराणं शोधताना
इंटरनेटवरच्या तयार वंशावळींवर विसंबू नका, बऱ्याचशा एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. स्वतःपासून एकेक पिढी मागे जा. तिथल्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी छापलेल्या आहेत.

तारखांना मात्र जपा. १७५२ पूर्वी इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. लग्न मे १६९० चं आणि बाळाचा जन्म फेब्रुवारी १६९० चा दिसला, तर लगेच भुवया उंचावू नका. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६९१ चा. काही कारकून १६९०/९१ असं लिहायचे, देव त्यांचं भलं करो.

जन्मनोंद मिळालीच नाही तर मृत्युपत्रं नि जमिनीची खरेदीखतं चाळा. लेकी-जावयांची नावं बरेचदा तिथेच सापडतात. एका गावात दोन जॉन निघाले, तर आधी बायकांची नावं ताडून बघा.