बोआ घरी आणण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. माझा १४ वर्षांचा मुलगा वर्षभरापासून बोआ कन्स्ट्रिक्टर हा साप पाळण्याचा हट्ट धरून बसला आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका प्रदर्शनात त्याने हातभर लांबीचे पिल्लू पाहिले. हा साप बिनविषारी, शांत आणि कुत्र्यामांजरापेक्षा सांभाळायला सोपा असतो, असे विक्रेत्याने सांगितले. होकार देण्यापूर्वी आम्ही काय जाणून घ्यावे?

उत्तर : विक्रेत्याने सांगितलेले बरेचसे खरे आहे, बोआ बिनविषारी असतो आणि लहानपणापासून हाताळलेला असेल तर बहुधा शांतही राहतो. मात्र त्याचे वय आणि त्याची वाढ या दोन गोष्टींचाही विचार होकार देण्यापूर्वी व्हायला हवा. नीट सांभाळलेला बोआ २० ते ३० वर्षे जगतो, आणि फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातील एका बोआने तर चाळिशी ओलांडल्याची नोंद आहे. चार वर्षांनी आपला मुलगा कॉलेजसाठी घराबाहेर पडेल तेव्हा साप घरीच राहील, आणि तोपर्यंत तो हातभर राहिलेला नसेल. नर साधारणपणे ५ ते ७ फुटांपर्यंत वाढतो, मादी ७ ते ९ फूट आणि कधी त्याहूनही मोठी होते. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की हा साप मुलासाठी न घेता घरातील एका मोठ्या माणसाने आपला म्हणून घ्यावा. तशी तयारी कोणाचीच नसेल तर नकार द्यावा.

तयारी असेल तर पिल्लाच्या आधी त्याचे घर आणावे. पूर्ण वाढलेल्या बोआला किमान ६ फूट लांब आणि २ फूट रुंद, कुलूप लागणारी बंदिस्त पेटी लागते. तिची एक बाजू ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरी २५ ते २७ अंश असावी, कारण साप शरीराचे तापमान स्वतः निर्माण करत नाही, ते जागा बदलून राखतो. दोन्ही बाजूंना अंग चोरून बसता येईल असा एकेक आडोसा द्यावा; तो नसेल तर भ्यालेला साप ऊब सोडून लपायला जाईल, किंवा उबेत राहून सतत ताणाखाली असेल. हीट मॅट (पेटी गरम ठेवणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय, कधीही लावू नये. माझ्याकडे उपचारांसाठी आलेल्या एका बोआच्या पोटाखालचे खवले तळहाताएवढ्या भागात तपकिरी होऊन सुटले होते, आणि मालकाला ते कात टाकण्याचे लक्षण वाटले होते. प्रत्यक्षात ती भाजल्याची जखम होती आणि ती भरायला कित्येक महिने लागले. आपल्याकडे आणखी एक विचार करावा लागेल. फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात टेक्सासमधील लाखो घरांची वीज गेली होती. तशी वेळ आली तर पेटी कशी उबदार ठेवायची, याची सोय आधीच करून ठेवावी.

खाण्याच्या बाबतीत बोआ उपाशी राहण्यापेक्षा अति खाऊ घातल्यानेच अधिक बिघडतो. त्याची पचनक्रिया संथ असते. पिल्लाला १० ते १४ दिवसांनी आणि मोठ्या सापाला ४ ते ६ आठवड्यांनी एक भक्ष्य पुरते, आणि ते सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड नसावे. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून लांब चिमट्याने द्यावा. जिवंत उंदीर टाकू नये, कारण भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो आणि त्या जखमा भयानक असतात. खाल्ल्यानंतर निदान दोन दिवस सापाला हात लावू नये, नाहीतर तो भक्ष्य ओकून टाकतो. घरातील फ्रीझरमध्ये उंदीर ठेवणे आपणा सर्वांना चालणार आहे का, हा प्रश्नही आजच सोडवावा. शाकाहारी घरांत यावरून साप परत दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

पिल्लू निवडताना ते बंदिवासातच जन्मलेले आहे, याची खात्री करावी. बोआ अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो, तेव्हा प्रामाणिक पैदासकार पिल्लांची आई दाखवू शकतो. खवल्यांच्या कडांना किंवा डोळ्यांभोवती काळे सूक्ष्म ठिपके चालताना दिसले तर ते माइट, म्हणजे सापाचे रक्त शोषणारे बारीक परजीवी असतात. तेथून काहीही घेऊ नये. बोआंमध्ये ‘इन्क्लूजन बॉडी डिसीज’ हा विषाणूजन्य रोग आढळतो, त्यावर उपचार नाही, आणि तो पसरवण्यात माइटचा हात असावा असे मानले जाते. घरात आधीच दुसरा साप असेल तर नव्याला किमान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावे.

सुरक्षेबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही. बोआ भक्ष्याला गुदमरवून मारतो असे पूर्वी समजले जाई. पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांवर दाखवून दिले, की विळख्याने काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडते. म्हणून साप कितीही ओळखीचा असला तरी मुलाच्या गळ्यात घालू नये, आणि ६ फुटांपुढचा साप हाताळताना दुसरा मोठा माणूस जवळ असावा. सापाच्या अंगावर माणसाला आजारी पाडणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हात साबणाने धुवावेत, पेटी स्वयंपाकघरात धुऊ नये, आणि घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर साप आणूच नये.

प्रश्न : पुण्यात एक जण बोआचे पिल्लू विकतो आहे. परदेशी साप असल्याने वनविभागाचा संबंध येत नाही, असे तो म्हणतो. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. बोआ सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहे. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली तेव्हा अशा प्रजाती नव्या चौथ्या अनुसूचीत आल्या. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणी करायची असते. हस्तांतर आणि पिल्लांचा जन्मही नोंदवावा लागतो. विक्रेत्याकडे त्याच्या नावाची नोंदणी मागावी. ती नसेल तर ते पिल्लू तस्करीचे असण्याची दाट शक्यता आहे, आणि कारवाई आपल्यावरही होऊ शकते.

दुसरी गोष्ट, विक्रेता ‘सँड बोआ’ म्हणत असेल तर तो बहुधा मांडूळ किंवा डुरक्या घोणस विकतो आहे. हे दोन्ही आपल्या मातीतले, कायद्याने संरक्षित साप आहेत, आणि ते विकत घेणे किंवा घरात ठेवणे गुन्हा आहे. मांडुळाची शेपटी डोक्यासारखी बोथट असते, त्यामुळे ‘दुतोंड्या’ म्हणून त्याच्या नावावर गुप्तधनाच्या भूलथापा देऊन हजारो साप पकडले गेले. असे काही दिसले तर पैसे देऊन ‘सोडवू’ नये, कारण त्या पैशांतून पुढचा साप पकडला जातो. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.