आईचं काय चुकलं?

प्रश्न : पोहे परतत होते. धाकटा म्हणाला, "आई, मी गे आहे." झारा हातातच राहिला. त्याच्या आधीचे दोघेही मुलगेच. सासूबाई म्हणतात, दिवस असताना लोकलने धावपळ केली म्हणून हे झालं.
– एक आई, लालबाग

उत्तर : ताई, लोकलच्या धक्क्यांनी कुणाचा कल ठरत नाही. मीही सातव्या महिन्यापर्यंत परळला गाडीनेच यायचे. मोठ्या भावांचा संबंध मात्र खरा दिसतो. १९९६ साली कॅनडाचे संशोधक ब्लँचर्ड आणि बोगार्ट यांना आढळलं की, दर मोठ्या भावामागे मुलगा गे असण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशाने वाढते. मुळात ती इतकी कमी, की तिसरे मुलगेही बहुतेक भिन्नलिंगीच असतात. एकत्र वाढलेल्या सावत्र भावांनी ती वाढत नाही, हे बोगार्ट यांनी २००६ मध्ये दाखवलं. म्हणजे धागा घरातल्या वळणात नाही, गर्भाशयात असावा; कदाचित आईच्या प्रतिपिंडांत, म्हणजे शरीर परक्या गोष्टींविरुद्ध बनवतं त्या प्रथिनांत. त्यावर तुमचा ताबा कसा असणार? आज त्याच्याजवळ बसा. तो घाबरलेला असेल.