गावात चौघांचं 15,000 मध्ये भागतं का?

"घर स्वतःचं, धान्य शेतातलं, मग गावात खर्च तो काय? नोकरी सोडून गेलो तर चौघांना महिना 15,000 पुरतील ना?" असं तुम्ही विचारलंय. हेच वाक्य पुण्यातले माझे दीर सात वर्षं ऐकवताहेत, म्हणून लिहायला बसले.

आधी आकडा. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरखर्चाच्या पाहणीत महाराष्ट्रातल्या खेड्यांत माणशी महिन्याला 4,145 रुपये निघाले, शहरांत 7,363. खेड्यातल्या चौघांचे झाले साडेसोळा हजार. यात घरच्या धान्यादुधाचीही किंमत धरलेली असते, तेव्हा "धान्य शेतातलं" म्हणून ते परत वजा करू नका.

आमचं गाव निलंगा तालुक्यात. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन, एक म्हैस. दोन वर्षांपूर्वी भाऊजी म्हणाले, "वहिनी, आईला महिन्याला तीन हजार कशाला लागतात? दूध घरचं, भाजी घरची." त्या दिवशी मी वही घातली. दळणापासून आहेरापर्यंत सगळं लिहिलं. म्हैस दिवसाला सहा लिटर देते, त्यातलं साडेपाच डेअरीला जातं, कारण दर दहा दिवसांनी येणाऱ्या त्याच पैशांवर किराणा चालतो. घरात राहतं ते चहापुरतं. भाजी पावसाळ्यात घरची. संक्रांतीनंतर विहीर तळाला जाते, मग बाजारातून आणायची. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा, दिवाळीच्या आगेमागे. तोवर दुकानात उधारी, आणि उधारीवर नेणाऱ्याला भाव करता येत नाही.

त्याच श्रावणात सासूबाई अंगणात घसरल्या, मनगट मोडलं. रात्रीचे नऊ वाजलेले, एसटी नाही. जीप करून लातूरला नेलं. एक्स-रे आणि प्लास्टरला 1,900 लागले, जीपला 2,200. पुढे तीन खेपा झाल्या, दर खेपेला यांचा रोज बुडाला. शहरात दवाखाना रिक्षाच्या अंतरावर असतो, इथे डॉक्टरच्या आधी गाडीवाल्याला पैसे मोजावे लागतात.

गावात खर्च कमी दिसतो, कारण माणसं तो करतच नाहीत. सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन "पुढच्या सुगीला करू" म्हणत दोन वर्षं राहिलंय. वहीत त्याच्यापुढे एक रुपयाही नाही.

दिवाळीत ती वही भाऊजींपुढे ठेवली. बराच वेळ पानं उलटत बसले, मग म्हणाले, "दूध घरी ठेवत नाही तुम्ही?" नाही ठेवत, भाऊजी.

शहरातलं घरभाडं जिवावर येतं, हे मलाही मान्य आहे. दरीही थोडी कमी झालीय: 2011-12 मध्ये देशात शहरी माणसाचा खर्च खेड्यापेक्षा 84 टक्के जास्त होता, 2023-24 मध्ये 70. आणि तुमची शेती बागायती असेल तर हिशोब वेगळा.

राजीनामा देण्याआधी गावातल्या वहिनीला वर्षभराचा खर्च विचारा. भावाला नको, दुकानातली उधारी किती झालीय हे त्याला बहुधा माहीत नसतं.