जुनं नाव खोडू नकोस

तुझा मेसेज वाचला, ओळखीच्या अळंबीचं कॉप्रिनस हे नाव का बदललं म्हणून चिडलेला दिसतोयस, आणि खरं सांगू का, 2001 साली मीपण असाच चिडलो होतो. कॉप्रिनस म्हणजे कॉप्रिनस, पर्सून या शास्त्रज्ञाने 1797 मधे अळंबीच्या एका गटाला दिलेलं नाव, सगळं आयुष्य त्याच नावाने लेबलं लिहिली आणि एका शोधनिबंधाने सगळा संसार मोडला.

पण भांडण नीट समजून घे. शेणावर सकाळी उगवून दुपारपर्यंत काळी शाई होऊन गळणारी छत्री तू पाहिलीच असशील, पूर्वी असं शाईवालं जवळपास सगळं कॉप्रिनसमधे टाकायचे. मग डीएनए बघितला तर कॉप्रिनस कोमेटस, तो उंच, केसाळ टोपीचा, निघाला आपल्या बटण मशरूमच्या घराण्यातला, आणि बाकीचे बहुतेक सॅथिरेला या दुसऱ्याच गटाच्या जवळचे. म्हणजे शाई होणं ही नात्याची खूण नव्हतीच! तू पाठवलेला फोटो, कुजक्या ओंडक्यावर शेकड्याने आलेले ते करडे चिमुकले, ते तर शाई होतसुद्धा नाहीत, तरी वर्षानुवर्षं त्यांना कॉप्रिनसच म्हणत होते.

आता गोची अशी की नाव टाइपच्या, म्हणजे ज्या एका जातीला गटाचं नाव बांधलेलं असतं तिच्या, मागे जातं, जास्त जाती कुठे आहेत ते बघत नाही. टाइप होता कोमेटस. झालं, नाव मूठभर जातींकडे गेलं आणि बाकीचे कॉप्रिनेलस, कॉप्रिनॉप्सिस, पॅरासोला अशा वेगळ्या गटांत गेले. यातली पहिली दोन नावं काही नवीन नाहीत बरं का, कार्स्टेन नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच देऊन ठेवली होती, फक्त कोणी वापरत नव्हतं. काही जणांनी टाइपच बदलून कॉप्रिनॉप्सिसवाल्यांना जुनं नाव ठेवू द्या असा प्रस्ताव दिला, तो टिकला नाही. गंमत बघ, कॉप्रिनस म्हणजे शेणातला, आणि नाव राहिलं कोमेटसकडे जो बहुतेक वेळा गवतात नाहीतर उकरलेल्या मातीत उगवतो.

तू म्हणशील नियम आंधळा आहे. तर नशा आणणारी अळंबी ज्या गटात येते त्या सायलोसायबीचं बघ. तिथे पण असंच दोन फाटे निघाले, टाइप होता नशा नसलेल्या बाजूला, म्हणजे नियमाने गेलं असतं तर नशेवाल्यांनाच नवीन नाव. पण औषधवाले, कायदेवाले सगळे तेच नाव वापरतात म्हणून नशेवाल्यांतल्या सेमिलॅन्सिएटा या जातीला टाइप करायचा प्रस्ताव आला आणि 2010 मधे नावं ठरवणाऱ्या समितीने तो मानला, नशा नसलेले डेकोनिका या वेगळ्या गटात गेले. एकाच नियमावलीतून दोन वेगळे निकाल. मला विचारशील तर कॉप्रिनसच्या वेळी जरा घाईच झाली, पण आता बदललेलं परत बदलणं त्याहून वाईट.

म्हणून तुझ्या कामाचं एवढंच. नवीन नाव कळलं की मी उत्साहात वाळवलेल्या नमुन्याच्या पाकिटावरचं जुनं लेबल खोडून वर पेनने लिहायचो. तीन पावसाळ्यांनी दमट कपाटात पेनची शाई पसरली आणि बारा पाकिटांत काय होतं ते मलाच वाचता येईना, जुनं नाव तर मीच खोडलेलं. तू जुनं लेबल तसंच ठेव, शेजारी दुसरी चिठ्ठी लाव, नवीन नाव, तुझी सही, तारीख, आणि कशावरून ठरवलंस ते. पेन्सिलने. आणि पाकिटात बीजाणूंचा, म्हणजे टोपीतून गळणाऱ्या बारीक भुकटीचा, ठसा घेतलेला कागद टाक, तो नसेल तर पुढच्या भांडणात तुझ्या नमुन्याला कोणी विचारणार नाही.

त्या ओंडक्यावरचे चिमुकले उद्या सकाळी परत बघून ये, आणि या वेळी दोनचार वाळवून ठेव.