परराष्ट्र धोरणाचा नैतिक निवाडा करताना

आपला प्रश्न असा आहे की, एखाद्या देशाचे परराष्ट्र धोरण नैतिकदृष्ट्या योग्य की अयोग्य हे ठरवता येते का. आणि प्रत्येक देश शेवटी स्वतःचेच हित पाहत असेल व खरी माहितीही सरकारकडेच असेल, तर सामान्य नागरिकाने असा निवाडा करण्यात काय अर्थ आहे. या विषयावर मी बरीच वर्षे वाचत आणि वाद घालत आलो आहे. माझे उत्तर ‘ठरवता येते’ असेच आहे. मात्र आपण बहुतेकदा चुकीच्या ठिकाणाहून सुरुवात करतो.

राष्ट्रहिताचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. सरकार हे जनतेच्या हिताचे विश्वस्त असते, त्यामुळे आपल्या देशाचे हित आधी पाहण्यात अनैतिक काही नाही, ते त्याचे कर्तव्यच आहे. परंतु अल्पवयीन मुलाच्या मालमत्तेचा पालनकर्ता त्या मुलाच्या भल्यासाठी म्हणूनसुद्धा शेजाऱ्याची जमीन बळकावू शकत नाही. नैतिकतेचा प्रश्न उभा राहतो तो इथे.

आपली पहिली चूक होते ती हेतूला नको तितके वजन देण्यात. २५ डिसेंबर १९७८ रोजी व्हिएतनामच्या फौजा कंबोडियात शिरल्या आणि ७ जानेवारी १९७९ रोजी राजधानी नोम पेन्ह त्यांच्या हाती आले. चार वर्षेही पुरी न झालेल्या, तिथल्या कम्युनिस्ट ख्मेर रूज राजवटीने तोवर पंधरा ते वीस लाख माणसांचा जीव घेतला होता. व्हिएतनाम काही कंबोडियन जनतेच्या कळवळ्याने गेला नव्हता. सीमेवरच्या गावांवर होणारे हल्ले त्याला थांबवायचे होते. तरीही संहार थांबला तो त्याच फौजांमुळे. उलट, परक्या सैन्याने सरकार उलथवू नये हे एरवी निर्विवाद तत्त्व पुढे करून अनेक देशांनी संयुक्त राष्ट्रांतील कंबोडियाची जागा पुढची कित्येक वर्षे ख्मेर रूजच्या प्रतिनिधींकडे राहू दिली. माझ्या मते व्हिएतनामचे आत जाणे समर्थनीय होते, १९८९ पर्यंत तिथे ठाण मांडून बसणे हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा निवाडा वेगळाच व्हायला हवा. पण मारेकऱ्यांना मान्यतेची खुर्ची देणारे, त्यांचे तत्त्व कितीही शुद्ध असले तरी, अधिक दोषी होते.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो असा: निर्णय घेणाऱ्यांना त्या दिवशी काय ठाऊक होते, आणि त्यांच्यापुढे आणखी कोणते मार्ग होते? काहीच न करणे हाही एक निर्णय असतो, हे रवांडाच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख रोमियो डॅलेअर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजीच न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला तार पाठवून शस्त्रांच्या गुप्त साठ्यांची आणि तुत्सी या अल्पसंख्य समाजाच्या लोकांना ठार करण्याच्या तयारीची माहिती कळवली होती. साठ्यांवर छापे घालायची परवानगी त्यांना मिळाली नाही. ६ एप्रिलला रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले, दुसऱ्या दिवशी शांतिसेनेतले दहा बेल्जियन सैनिक मारले गेले आणि बेल्जियमने आपली तुकडी काढून घेतली. कत्तल भर रस्त्यात चालू असताना २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने सुमारे अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणण्याचा ठराव केला. ज्या सरकारच्या छत्राखाली ही कत्तल चालली होती, त्याचा प्रतिनिधी त्या वेळी परिषदेचा सदस्य म्हणून बसलेला होता. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली.

या वेळी हात बांधून बसलेल्या अमेरिकेच्या बाजूने सांगण्यासारखे काहीच नव्हते असे नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये सोमालियाची राजधानी मोगादिशू इथे तिचे अठरा सैनिक मारले गेले होते आणि पुन्हा आफ्रिकेत फौज पाठवणे कोणत्याही सरकारला जड गेले असते. ते मी मान्य करतो. परंतु ‘फौज पाठवा किंवा गप्प बसा’ असे दोनच मार्ग नव्हते. तुत्सींना शोधून मारण्याची चिथावणी देणारे रेडिओ केंद्र विमानातून बंद पाडण्याची सूचना पुढे आली होती. मे १९९४ मध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, ती फेटाळली आणि दिलेल्या कारणांत उड्डाणाच्या दर तासाला सुमारे साडेआठ हजार डॉलर खर्च येईल हेही एक होते. ‘वंशसंहार’ हा शब्द उच्चारला तर १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारामुळे काहीतरी करणे भाग पडेल, म्हणून अधिकारी तो शब्द टाळत राहिले. जिथे आपल्या सैनिकांचा जीव धोक्यात नव्हता अशी स्वस्त पावलेही जेव्हा टाकली जात नाहीत, तेव्हा त्याला हतबलता म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न किंमत कोण मोजतो याचा. इराकवर संयुक्त राष्ट्रांनी ऑगस्ट १९९० मध्ये घातलेल्या आर्थिक निर्बंधांचा रोख सद्दाम हुसेनवर होता. त्याच्या राजवाड्यांना त्यांची झळ फारशी लागली नाही, आणि पाणी शुद्ध करण्याच्या सामग्रीला मंजुरी मात्र निर्बंधांवर देखरेख करणाऱ्या समितीत रखडत राहिली. तिथल्या मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये निषेध म्हणून पद सोडले. (त्या काळी सांगितले गेलेले बालमृत्यूंचे काही आकडे पुढे अविश्वसनीय ठरले, म्हणून ते मी वापरत नाही; निर्बंधांवरचा आक्षेप त्यांच्यावाचूनही पुरेसा भक्कम आहे.) ज्यांना निर्णयात आवाज नाही आणि सरकार बदलण्याची ताकदही नाही, त्यांच्यावर बहुतेक भार टाकणारे धोरण योग्य ठरवायला फार मोठे कारण लागते.

आणि देशांच्या नावांची अदलाबदल करून पाहणे मी कधीच टाळत नाही, कारण आपला पक्षपात तिथे उघडा पडतो. १९५६ च्या ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये, काही दिवसांच्या अंतराने, ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल इजिप्तवर चालून गेले आणि सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट चिरडली. इजिप्तवरच्या हल्ल्यावर, म्हणजे सुएझ प्रकरणावर, भारताने तत्काळ व कडक निषेध नोंदवला. हंगेरीवर तो आधी चाचरला आणि संयुक्त राष्ट्रांतील ९ नोव्हेंबरच्या ठरावाला तर त्याने विरोध केला. मुत्सद्देगिरीची कारणे समजू शकतात, परंतु दोन्हीकडे परक्या फौजेखाली माणसेच मरत होती, आणि हा आपल्या धोरणावरचा डाग आहे असे मला वाटते.

आता आपल्या शेवटच्या शंकेकडे येतो: गुप्त माहिती नसताना मत द्यावे का. २५ मार्च १९७१ रोजी पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कत्तल सुरू केली. ६ एप्रिलला तिथल्या अमेरिकी वकिलातीतून वॉशिंग्टनला एक तार गेली. वीस अमेरिकी अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या मौनाला त्यात नैतिक दिवाळखोरी म्हटले होते, आणि वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांनी तिला दुजोरा दिला होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सरकार पाकिस्तानच्या मध्यस्थीने चीनशी गुप्त बोलणी करत आहे, हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते. मग ते गुपित कळल्यावर त्यांचा निवाडा चुकीचा ठरतो का? चीनशी संबंध सुधारणे ही जगाच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती, हे मी नाकारत नाही. परंतु निरोप नेण्यासाठी रोमानियाचाही मार्ग वापरला जात होता. आणि जुलैमध्ये निक्सन यांचे सल्लागार किसिंजर बीजिंगला जाऊन आल्यावर मध्यस्थाची गरजही उरली नव्हती. एव्हाना लाखो निर्वासित भारतात आले होते, वर्षअखेरीस तो आकडा एक कोटीच्या घरात गेला, तरीही पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान यांना मिळणारा अमेरिकेचा पाठिंबा डिसेंबरपर्यंत टिकून राहिला. सरकार गप्प का होते, एवढेच त्या गुपितावरून कळते. ढाक्यात काय चालले आहे याबद्दल त्या वीस जणांनी लिहिलेल्या एकाही वाक्यात त्यामुळे बदल करावा लागत नाही. ब्लड यांची मात्र लवकरच ढाक्याहून बदली झाली.