सही केली नाही तर मी गर्विष्ठ ठरते का?

ख्रिस्ती घरांतून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायका एक प्रश्न फिरून फिरून विचारतात. नम्र राहायचं म्हणजे समोरचा म्हणेल ते मान्य करायचं का? आणि नाही म्हटलं तर देवाची आज्ञा मोडली असं होतं का? कधी समोरचा म्हणजे नवरा असतो, कधी सासू, कधी मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, वडीलजन. (घरात मारहाण होत असेल तर मी या चर्चेत शिरतच नाही. आधी त्या बाईची सुरक्षितता, बाकी सगळं नंतर.) इथे सांगते त्या गोष्टीत समोरचा म्हणजे एका बाईंचा भाऊ आहे. त्या बाईंच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

त्या पुण्यातल्या एका हॉस्पिटलात सीनिअर नर्स. माहेर अहिल्यानगरचं. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते, मृत्युपत्र न करताच गेले. मागे आई, थोरला भाऊ आणि या. भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला होता आणि पुढच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात यायला सांगितलं होतं. प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी तो काढून माझ्यापुढे ठेवला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारल्या होत्या. एक यांच्या नावापुढे, दुसरी आईच्या नावापुढे.

"ताई, पास्टरांना विचारलं. ते म्हणाले, लूक बारावा अध्याय वाचा. हिस्सा मागणं हाच लोभ ना?"

बायबलमधल्या त्या अध्यायात गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू नकार देतो. मला तुमचा वाटणी करणारा कोणी नेमलं, असं विचारतो आणि लोभापासून जपायला सांगतो. मी त्यांना तो भाग मोठ्याने वाचायला लावला. येशू वाटणी करून देत नाही हे खरं, पण हिस्सा सोडून दे असंही तो त्या माणसाला सांगत नाही. आणि लोभाबद्दलचा इशारा त्या एकट्याला दिलेला नाही, तो सगळ्यांना उद्देशून आहे. वाटणी अडवून बसलेला भाऊही त्यात आला. त्यांनी ते पुन्हा एकदा मनात वाचलं.

कायद्याचा भाग सोपा होता. १९२५च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींत समान. म्हणजे इथे तिघांनाही सारखाच वाटा. लग्न झालेल्या मुलीला काही नसतं, असं भाऊ म्हणत होता. पण वॉर्डातल्या एका मल्याळी सिस्टरने यांना केरळच्या मेरी रॉय यांच्या खटल्याबद्दल सांगितलं होतं. वडिलांच्या मालमत्तेत हिस्सा मागायला त्या कोर्टात गेल्या होत्या. त्रावणकोरच्या जुन्या कायद्यात ख्रिस्ती मुलीला मुलाच्या हिश्शाचा पाव भाग किंवा ५,००० रुपये, यातलं जे कमी ते मिळायचं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथेही १९२५चाच कायदा लागू असल्याचा निर्णय दिला.

"पण ताई, मेरी रॉय कोर्टात गेल्या. मला रविवारी चर्चमध्ये दादाच्या शेजारी बसायचंय."

अंगरखा मागणाऱ्याला बाह्यवस्त्रही दे, हे मत्तयातलं वचन त्यांना पाठ होतं, आणि ते मी टाळून पुढे जाणं बरोबर झालं नसतं. हक्क सोडणं ख्रिस्ती माणसाला कमीपणाचं नाही. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल तेच सांगतो, की देवाच्या बरोबरीचा असून ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं. पण तोच ख्रिस्त योहानाच्या दहाव्या अध्यायात म्हणतो, माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो. म्हणून मी विचारलं, "हे तुम्ही देताय, की तुमच्याकडून घेतलं जातंय?"

त्या गप्प.

"बरं, तुम्हाला काय हवंय?"

"देवाची इच्छा तीच माझी."

इतक्या झटकन आलेलं उत्तर मी सहसा स्वीकारत नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही आधी मागितलं की हा प्याला टळू दे. माझ्या इच्छेप्रमाणे नको, हे त्यानंतर. नम्रतेच्या नावाखाली आपण ते मागणंच गाळून टाकतो आणि थेट शेवटच्या ओळीवर येतो.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मला राग आलाय." मग दाराकडे बघून, आवाज उतरवून, "मला हिस्सा हवाय. पैशासाठी नाही... पैशासाठीसुद्धा. मुलाची फी भरायचीय."

पुढच्या भेटीत त्याहून अवघड विषय निघाला. याआधीही त्यांनी सोडलं होतं. आईचे दागिने सोडले, वडिलांच्या आजारपणात घातलेले पैसे सोडले. दर वेळी नातेवाइकांनी कौतुक केलं आणि दर वेळी यांनी भावाला महिनोन्‌महिने फोन केला नाही. "मी सोडते, पण विसरत नाही," हे त्यांचेच शब्द. घरात सोडणाऱ्या आपण एकट्याच, याचं थोडं समाधान वाटतं का, असं मी विचारलं. त्यांना ते झोंबलं, आणि झोंबणारच. पुढच्या वेळी खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "वाटतं. थोडं." गप्प बसण्यात भीती असते हे सगळे ओळखतात, त्यात असा अभिमानही असतो हे पाहायला फार कमी जण तयार होतात.

राहिली आईच्या नावापुढची फुली. आपला वाटा सोडायला त्या मोकळ्या होत्या, आईचा वाटा मात्र त्यांचा नव्हताच. आईला तर कोणी विचारलंही नव्हतं. मी त्यांना बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय काढायला सांगितला. सलाफहाद नावाच्या इस्राएली माणसाच्या पाच मुली लोकांचा पुढारी मोशे याच्यापुढे, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून बापाच्या वतनातला वाटा मागतात. मोशे ते गाऱ्हाणं परमेश्वरापुढे नेतो, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे असं उत्तर येतं. वर्षानुवर्षं संडे स्कूल घेऊनही यांनी तो धडा कधी शिकवला नव्हता.

सही करा किंवा करू नका, असं मी सांगितलं नाही. देवाने काय सांगितलंय याबद्दल त्यांना शंका नव्हती अशा गोष्टी आम्ही शोधल्या. खोटं बोलायचं नाही. आईचा मान राखायचा. भावाविरुद्ध काही असेल तर त्यालाच जाऊन सांगायचं. एवढं पाळणं त्यांच्या हातात होतं. भाऊ ते कसं घेईल हे नव्हतं, आणि त्यांचा विश्वास खरा तिथेच अडला होता. फोनवर काय बोलायचं ते आम्ही कागदावर लिहून काढलं. पहिल्या मसुद्यात 'सॉरी' तीनदा होतं. दोन त्यांनी स्वतः खोडले. उरलं ते असं: "दादा, सॉरी, त्या दिवशी मी येत नाही. रविवारी येते, आईसमोर बोलू."

रविवारी आईने सांगितलं की जिवंत असेपर्यंत हे घर सोडणार नाही आणि कशावर सहीही करणार नाही. भाऊ भरल्या ताटावरून उठला. यांनीही सही केली नाही, पण आई आहे तोवर वाटणी मागणार नाही असं त्याला लिहून कळवलं. त्यानंतर तो कित्येक महिने बोलला नाही. थोडं सोडलं असतं तर घरात शांतता राहिली असती, असं पास्टरांचं अजूनही म्हणणं आहे. मला ते पटत नाही. त्या शांततेचा खर्च आईने भरला असता.

आता त्या दर रविवारी उपासनेनंतर भावाला फोन करतात. बहुतेक वेळा वहिनीच उचलते. पूर्वी सोडून दिल्यावर जे जमत नव्हतं, ते नाही म्हटल्यावर जमू लागलंय. सध्या प्रश्न भाच्याच्या साखरपुड्याचा आहे. आमंत्रण भावाने दिलेलं नाही, आईकडून निरोप आलाय. नवरा म्हणतो, काही स्वाभिमान आहे की नाही? यांना जायचंय, पण हे जाणं नम्रतेतून आहे की जुन्या सवयीतून, हे त्यांना ठरवता येत नाहीये. पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचंय.