फिगर स्केटिंगच्या ग्रां प्री मालिकेत सर्वाधिक विजय कोणाचे: हान्यूचे की प्लुशेंकोचे?

तुम्ही विचारलंय की ग्रां प्री मालिकेत जपानचा युझुरू हान्यू पुढे की रशियाचा येवगेनी प्लुशेंको, आणि प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा का सापडतो. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. मालिकेच्या शेवटी जी फायनल होते, तिची जेतेपदं मोजलीत तर दोघं बरोबरीत आहेत, चार-चार. प्लुशेंकोची १९९९-२०००, २०००-०१, २००२-०३ आणि २००४-०५ या हंगामांतली. हान्यूची २०१३ ते २०१६, सलग चार वर्षं. पण या दोघांच्या पुढे एक चिनी जोडी आहे, शेन श्वे आणि झाओ होंगबो. त्यांच्या नावावर सहा फायनल आहेत. अशा चर्चांत त्यांचं नाव क्वचितच निघतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. आयुष्यात कधी बर्फावर पाय ठेवलेला नाही. मुलगी रोलर स्केटिंग शिकत होती, तेव्हा क्लास सुटेपर्यंत बाहेर बाकावर बसून मोबाइलवर ज्युनियर ग्रां प्री बघायचो, ती यूट्यूबवर फुकट दिसते. तिथून मोठ्यांच्या मालिकेकडे वळलो आणि निकाल वहीत उतरवायला लागलो. आकड्यांचा गोंधळ मी स्वतः निस्तरलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही मालिका १९९५ साली सुरू झाली, तेव्हा तिचं नाव चॅम्पियन्स सिरीज होतं. ग्रां प्री हे नाव १९९८-९९ पासूनचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सहा देशांत सहा स्पर्धा होतात. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, जपान आणि चीन हे नेहमीचे यजमान. सहावी वर्षानुवर्षं रशियात होत होती, २०२२ पासून ती फिनलंडला गेली. सध्याच्या नियमाप्रमाणे एका खेळाडूला जास्तीत जास्त दोनच स्पर्धा मिळतात. पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १३, तिसऱ्याला ११, चौथ्याला ९, असे ते खाली उतरत जातात. दोन स्पर्धांच्या गुणांची बेरीज होते आणि पहिले सहा फायनलला जातात.

आपल्याकडे कला अकादमीच्या भजनी स्पर्धेला केंद्रावरची फेरी वेगळी आणि अंतिम फेरी वेगळी, तसंच हे. आणि केंद्रावर गाजलेलं पथक अंतिम फेरीत मागे पडतं हे ज्याने ऐकलंय, त्याला फायनलचा विजय वेगळा का मोजायचा ते सांगावं लागणार नाही. साध्या स्पर्धेत तुमच्यासमोर कोण येईल हे वाटपावर ठरतं. एका वर्षी कॅनडात दोन जगज्जेते एकमेकांसमोर उभे राहतात, तर दुसरीकडे पहिला नंबर तुलनेने सोपा जातो. फायनलला असं होत नाही, तिथे त्या हंगामातले सहाही वरचे असतात. म्हणून एकूण विजयांच्या बेरजेपेक्षा फायनलची बेरीज मला अधिक न्याय्य वाटते.

आता आकडे का जुळत नाहीत ते. पहिलं कारण हेच: कोणी फक्त फायनल मोजतं, कोणी सहा स्पर्धांतले विजयही त्यात मिसळतं. दुसरं कारण ज्युनियर फायनल. हान्यूने २००९ साली ज्युनियर ग्रां प्री फायनल जिंकली होती आणि जपानच्याच माओ असादाने २००४ साली. ती धरली की दोघांच्याही चाराचे पाच होतात. तिसऱ्या कारणाने मला सर्वांत जास्त छळलं. जुन्या काळी फायनल कधी डिसेंबरात व्हायची, तर कधी पुढच्या वर्षीच्या जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. २००१ साली तर दोन फायनल झाल्या, फेब्रुवारीत टोकियोला आणि डिसेंबरात कॅनडातल्या किचनरला. दोन्ही रशियाच्या इरिना स्लुत्स्कायानेच जिंकल्या. वहीत मी नुसतं ‘२००१, स्लुत्स्काया’ लिहून ठेवलं होतं आणि तिच्या चार फायनल तीनवरच थांबत होत्या. बेरीज कशी चुकते हे कळायला मला एक अख्खा रविवार लागला.

किचनरच्या त्या फायनलबद्दल एक सांगतोच. स्लुत्स्काया पहिली, मिशेल क्वान दुसरी, सारा ह्यूज तिसरी. दोन महिन्यांनी सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये ह्यूज पहिली, स्लुत्स्काया दुसरी, क्वान तिसरी. आणि क्वान पाच वेळची जगज्जेती असूनही तिच्या नावावर फायनल एकच आहे, १९९६ सालची, म्हणजे अगदी पहिली. त्यामुळे फायनलच्या आकड्यावरून कोणाला मोठं-लहान ठरवू नका. तो या मालिकेपुरता विक्रम आहे.

हान्यूचं मला जे भावतं ते त्या चारात नाही, त्या चारांच्या आधी आहे. २०१३, २०१५ आणि २०१६ या तिन्ही वर्षी तो कॅनडाच्या स्पर्धेत पॅट्रिक चॅनच्या मागे दुसरा आला. तिन्ही वर्षी पुढे फायनल जिंकली. मधलं २०१४ तर आणखी बिकट. शांघायला सरावाच्या वेळी तो चीनच्या यान हानवर जोरात आदळला. डोक्याला पट्टी बांधून उतरला, पुन्हा पुन्हा पडला, तरी दुसरा आला. पुढे जपानच्या स्पर्धेत चौथा. १३ आणि ९, एकूण २२ गुण, म्हणजे सहावी, शेवटची जागा. त्या शेवटच्या जागेवरून बार्सिलोनाची फायनल त्याने जिंकली. पुढच्या वर्षी नागानोला ३२२.४० गुण मिळवून तो तीनशेच्या पुढे जाणारा पहिला स्केटर ठरला आणि दोनच आठवड्यांनी बार्सिलोनात ३३०.४३ वर पोचला. हे गुण आता जुन्या पद्धतीच्या यादीत गेले आहेत, कारण २०१८-१९ पासून प्रत्येक घटकाच्या दर्जाचं मोजमाप बदललं. आजच्या गुणांशी त्यांची तुलना करू नये.

कॅनडाची स्पर्धा त्याने शेवटी २०१९ साली जिंकली. २७ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी. आदल्या रात्री नरकासुरांसाठी जागलो होतो. पहाटे आंघोळ केली, कारीट फोडलं, आणि ताटात पाच प्रकारचे फोव, म्हणजे पोहे, समोर असताना मोबाइलवर त्याचा निकाल बघितला: ३२२.५९. घरात कोणाला हान्यू माहीत नव्हता, तरी आईने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, ‘कोण जिंकलो रे?’ माझ्यासाठी ती दिवाळी त्या बातमीची आहे.

आता शेन आणि झाओ. त्यांनी पहिली फायनल जिंकली ती मार्च १९९९ मध्ये आणि सहावी डिसेंबर २००९ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत गुण द्यायची पद्धतच बदलली. सहापैकी गुण देणारी जुनी रीत २००२ च्या ऑलिंपिकमधल्या जोडी प्रकाराच्या वादानंतर गेली आणि २००३-०४ पासून ग्रां प्रीत नवी रीत आली. ते दोन्ही रीतींत जिंकले. २००५ साली झाओचा टाचेमागचा अकिलीस कंडरा तुटला, तरी पुढच्या फेब्रुवारीत ते ऑलिंपिकला उभे राहिले आणि कांस्य घेऊन आले, २००२ सारखंच. २००७ नंतर दोघं स्पर्धांतून बाहेर पडले. २००९ साली परतले तेव्हा झाओ छत्तीस वर्षांचा होता. टोकियोची फायनल जिंकली आणि दोन महिन्यांनी व्हँकुव्हरला ऑलिंपिक सुवर्ण. जोडीत एकाला दुसरीला डोक्यावर उचलायचं असतं, हवेत फिरवून फेकायचं असतं, आणि तिला एका पायावर उतरायचं असतं. छत्तिसाव्या वर्षी हे! सहा फायनलचा विक्रम मी इतरांच्या वर ठेवतो तो यासाठी.

आइस डान्समध्ये, म्हणजे जोडीने बर्फावर नाचायच्या प्रकारात, अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी २००९ ते २०१३ सलग पाच फायनल जिंकल्या. त्या पाचपैकी चार वेळा दुसऱ्या क्रमांकावर कॅनडाचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोइर होते. आइस डान्सची दोन ऑलिंपिक सुवर्णं असलेल्या या कॅनडाच्या जोडीला फायनल एकदाच मिळाली, २०१६ ची. अनेक वर्षं या दोन्ही जोड्या एकाच प्रशिक्षिकेकडे, एकाच रिंकवर सराव करत होत्या.

महिलांमध्ये स्लुत्स्काया आणि असादा चार-चारवर, किम युना तीनवर. असादाची एक गोष्ट मात्र बेरजेत येत नाही. तिने सहाही यजमान देशांतल्या स्पर्धा आणि फायनल, असं सगळं कधी ना कधी जिंकलं, आणि एकेरीत असं करणारी ती पहिली. पंधराव्या वर्षी, डिसेंबर २००५ मध्ये, तिने फायनलला स्लुत्स्कायाला मागे टाकलं. दोन महिन्यांनी ऑलिंपिक होतं, पण वयाच्या अटीत ती तीन महिन्यांपेक्षाही कमी अंतराने बसली नाही.

पुरुषांमध्ये नेथन चेनने २०१७ ते २०१९ सलग तीन जिंकल्या. मग कोविडमुळे २०२० आणि २०२१ ची फायनल झालीच नाही, आणि चौथ्याची संधी तिथेच गेली. आता इलिया मालिनिनच्या नावावर २०२३, २०२४ आणि २०२५ अशा सलग तीन आहेत. पुढची त्याने घेतली तर हान्यूच्या सलग चारांशी बरोबरी होईल.

तुम्ही स्वतः यादी करत असाल तर वर्ष लिहू नका, हंगाम लिहा, आणि ज्युनियरसाठी वेगळं पान ठेवा. २००३ चंही तेच आहे, त्या वर्षीही दोन फायनल झाल्या, सेंट पीटर्सबर्गची आणि कोलोरॅडो स्प्रिंग्सची. तुमच्या यादीत त्या दोन वेगळ्या ओळी आहेत का, ते आधी बघा.